बोकडाचा दोर आणि डॉक्टर ओंबाती

"भावोजी, तुमच्या गेलेल्या भावाची शपथ घ्या," मोरा म्हणाली. "आज आत गेल्यावर तुलना नाही."

डॉक्टर ओंबातींनी व्हॅनच्या आरशात बघून टाय सरळ केला. "मोगेनीची आई, मी काय लहान आहे?"

मोराला वाटलं, लहान असते तर बरं झालं असतं. लहानाच्या तोंडात चॉकलेट तरी कोंबता येतं.

बाहेर मिनेसोटातला जानेवारी होता. थुंकी जमिनीला लागायच्या आत तिचा खडा होत होता. समोर मुलीच्या बापाचं, वेंग यांचं हॉटेल, दारावर 'आज बंद' अशी पाटी. सोमवारी ते बंदच असतं, म्हणूनच बोलणी सोमवारी ठरली होती. मोराने त्यासाठी वृद्धाश्रमातली नर्सची ड्युटी बदलून घेतली होती. मागच्या सीटवर तिचा धाकटा, न्यामवेया, लग्नाचा मुलगा, आईच्या मानेकडे टक लावून बसला होता. आणि त्याच्याही मागे डॉक्टरांच्या बायकोचा जुना स्वेटर घालून एक बोकड उभा होता.

माणसाला काही ना काही व्यसन असतंच. कुणी पितो, कुणी पत्ते खेळतो. डॉक्टर ओंबाती तुलना करायचे. ते अर्थशास्त्राचे डॉक्टर. अमेरिकेतल्या चिनी आणि केनियन लोकांची प्रगती ताडून बघणारा ग्रंथ ते न्यामवेया शाळेत होता तेव्हापासून लिहीत होते. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं आणि कुणी छापायलाही तयार नव्हतं, म्हणून तो ग्रंथ ते तोंडीच प्रसिद्ध करायचे. बारशाला, मयताला, चर्चच्या जेवणाला. कुणाची घरं जास्त, कुणाची पोरं शिकली, कुणाचे संसार मोडले, कुणाची म्हातारी माणसं घरातच मरतात. बायका त्यांना लांबून बघूनच ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे वळायच्या.

हे व्यसन निरुपद्रवी आहे असं मोरालाही वाटायचं, थोरल्याच्या लग्नाची बोलणी होईपर्यंत. मुलगी लायबेरियातली होती. तिच्या बापासमोर डॉक्टरांनी केनियन आणि लायबेरियन अशी खास नवी तुलना मांडली, तीही आकड्यांसकट. बाप ताटावरून उठला. मोगेनीने कोर्टात जाऊन लग्न लावलं, टेक्सासला निघून गेला, आणि त्यानंतर त्याचा फोन नाही. केनियातल्या त्यांच्या गुसी लोकांत बाईला तिच्या पहिल्या पोराच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे दिवसातून जो भेटेल तो मोराच्या त्याच जखमेवर बोट ठेवून जायचा.

काल न्यामवेया म्हणाला होता, "आई, या वेळी काकांनी घाण केली तर मी आणि यानपिंग पण कोर्टात. आणि टेक्सास मला काही लांब नाही."

बरं, ओंबातींना वगळताही येत नव्हतं. बाप वारलेला, मग बोलणार कोण, तर बापाचा थोरला भाऊ. मुलाच्या आईने तर बैठकीत तोंड उघडायचंच नाही. बोकड मुलीच्या बापाच्या दारात उभा करायचा. बापाने दोर आपल्या हातात घेतला आणि बोकड घरात नेला की सोयरीक झाली, मग ती देवालाही मोडता येत नाही. आणि तेव्हाच मुलाच्या आईने पहिला शब्द बोलायचा. दोर नाहीच घेतला तर बोकड आणि वरपक्ष, दोघांनी आल्या वाटेने परत.

"बोकडाचा नुसता फोटो नेऊया," मोराने सुचवून पाहिलं होतं.

"फोटोचा दोर कसा धरणार?" डॉक्टर म्हणाले होते.

वेंग देशुई दारातच उभे होते. बुटके, खांद्यात रुंद, आणि चेहरा असा की त्यावरून गिऱ्हाईक आलं की पोलीस आला ते कळू नये. त्यांच्यामागे बायको सुचिन आणि मुलगी यानपिंग. यानपिंगने न्यामवेयाकडे बघून एकदाच मान हलवली. 'सांभाळ' असं मोराला त्यातून ऐकू आलं.

"जेवलात का?" वेंग म्हणाले.

"तुमच्याकडे जेवायलाच आलोय," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. मोराला वाटलं, सुरुवात तर बरी झाली.

एवढ्यात मागच्या दाराने न्यामवेया बोकड घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या बोळात तांदळाच्या मांडणीला बांधायला लागला. बाहेर ठेवला असता तर त्याची तिथेच कुल्फी झाली असती.

वेंग यांनी बोकडाकडे पाहिलं. मग स्वेटरकडे. "हे काय?"

डॉक्टरांनी छाती फुगवून सगळा रिवाज सांगितला, दोरापासून मुलीच्या बापाला द्यायच्या दहा गाईंपर्यंत.

"अहो, आरोग्य खात्याचा माणूस आला तर माझं लायसन्स जाईल! स्वयंपाकघरात जिवंत जनावर?"

"मग घ्या दोर हातात आणि व्हा मोकळे!"

"दोर घेतला म्हणजे मुलगी दिली, असंच ना?"

"अगदी असंच."

वेंग यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मग असू दे तिथेच."

सगळे टेबलाला बसले. सुचिनने वाफाळती डंपलिंग आणून ठेवली. मोराच्या माणसांत डुकराचं मांस चालत नाही हे यानपिंगने आधीच घरी सांगितलं होतं, तरी डॉक्टरांनी पहिलं डंपलिंग फोडून आत वाकून पाहिलं, जसा सोनार बांगडी बघतो. आत अंडं आणि कांद्याची पात होती. डॉक्टर खूश झाले आणि रिवाजाप्रमाणे आडून बोलायला लागले.

"वेंगसाहेब, आम्ही रस्त्याने चाललो होतो. तुमच्या गोठ्यात एक देखणी कालवड दिसली..."

"गोमांस आमच्याकडे बाहेरून येतं," वेंग म्हणाले. "गोठा नाही."

"बाबा, ते माझ्याबद्दल बोलतायत," यानपिंग पुटपुटली.

"तुला कालवड म्हणाले?"

"चांगल्या अर्थाने म्हणाले, बाबा."

मोराने टेबलाखाली मुठी आवळल्या. पण डॉक्टर हसले, वेंग यांनी चहा ओतला, ते संकट टळलं. डॉक्टर शपथेला जागत होते. पाळीव प्राणी, हवापाणी, डंपलिंगची कड कशी दुमडतात, सगळ्यावर बोलले, पण त्या वाटेला गेले नाहीत. मोराला त्यांचं मनापासून कौतुक वाटायला लागलं होतं.

आणि मग वेंग यांनीच, साध्या गप्पा माराव्यात तसं, विचारलं, "तुमचे लोक इथे साधारण काय करतात हो?"

डॉक्टरांनी हातातल्या जेवायच्या काड्या अगदी हळू खाली ठेवल्या. वर्षभर दारू सोडलेल्या माणसापुढे कुणी भरलेला पेला सरकवावा, तशी त्यांची नजर झाली. मोराने टेबलाखालून जोरात लाथ मारली. वेंग यांनी दचकून तिच्याकडे पाहिलं आणि आपले पाय गुपचूप खुर्चीखाली ओढून घेतले.

"तुम्हीच विचारलंत म्हणून सांगतो," डॉक्टर म्हणाले. म्हणजे शपथ मोडली नाही, समोरच्याने मोडायला लावली. "शिक्षणात आमचे लोक पुढे. इंग्रजी आम्ही घरूनच घेऊन येतो. तुम्हाला ते इथे येऊन विकत घ्यावं लागतं."

"खरंय," वेंग म्हणाले. "इंग्रजी बोलत बोलत तुमचे लोक म्हाताऱ्यांची लंगोटं बदलतात. आमचे न बोलता दुकानं घेतात."

सुचिनने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. मोराने डंपलिंग गिळलं. ते घशातच अडकलं.

"दुकान घेता, पण चोवीस तास त्याच दुकानात! तुमच्यात दहा जण राबतात आणि खाताना एकच दिसतो."

"आणि तुमच्यात एक राबतो आणि खायला दहा येतात. विमानाचं तिकीट काढून येतात!"

"त्याला नातं म्हणतात, वेंगसाहेब. आमच्यात कुणी गेलं तर सगळा गाव गोळा होतो."

"आमच्यात गावाला वेळ नसतो. सगळ्यांची दुकानं चालू असतात."

"काका, डंपलिंग गार होतायत," न्यामवेया म्हणाला.

"थांब रे! वेंगसाहेब, तुमचे आजे-पणजे बोटीने आले, किती पिढ्या झाल्या! आम्ही काल विमानाने उतरलो. आणि आज बघा, माझा पुतण्या हॉस्पिटलात नोकरीला, मी स्वतः शिक्षणक्षेत्रात..."

"माझे पणजोबा गावीच मेले. मी स्वतः आलो, भांडी घासली, आणि आज माझी तीन हॉटेलं आहेत. तळ्याकाठी घर बघतोय."

"आम्ही तळंच बघतोय!" डॉक्टर म्हणाले. या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण आवाज मोठा होता.

मोगेनीच्या वेळी याच आवाजानंतर खुर्ची मागे सरकली होती. मोरा खोकली. पाणी सांडलं. मुद्दाम चमचा पाडला. दोघांनी वाकून चमचा उचलला आणि टेबलाखालीसुद्धा भांडत राहिले.

मग वेंग एकदम थंड झाले. व्यापारी माणूस थंड झाला की घाबरावं. "ठीक आहे. तुमची एवढी भरभराट आहे, तर प्रश्नच मिटला. मुलाने लग्नाआधी घर घ्यावं. आणि गाई किती म्हणत होतात? दहा? वीस करा."

डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. आपला ग्रंथ आपल्याच डोक्यात पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"भरभराट म्हणजे... सरासरीने हो," ते म्हणाले. "सरासरीत सगळे येतात. मीही येतो."

"तुम्ही तर डॉक्टर. शिकवता कुठे?"

न्यामवेया ताटातल्या सोयासॉसमध्ये बघत होता. हे गुपित सगळ्या गुसी मंडळींना ठाऊक होतं, आणि ते आपल्याला ठाऊक आहे असं कुणी डॉक्टरांना कधी जाणवू दिलं नव्हतं.

"शिकवत नाही," डॉक्टर म्हणाले. "शाळेची बस चालवतो." मग अचानक त्यांच्या लक्षात आलं की हा तर हुकमाचा पत्ता आहे. ते सावरून बसले. "एवढा शिकलेला माणूस, वेंगसाहेब, आणि पहाटे उठून बसच्या काचेवरचा बर्फ खरवडतो! मागून पोरं डोक्यात संत्र्याच्या साली मारतात! आता सांगा, वीस गाई आणू कुठून?"

पण वेंग काही कच्चे नव्हते. त्यांच्यात मुलाकडून जेवढं घ्यावं त्याच्या वरताण आहेर मुलीबरोबर पाठवावा लागतो, नाहीतर जातभाई हसतात. "आणि माझं काय? तीन हॉटेलं म्हणालो ना? एक बंद पडलं. दुसरं माझ्या चुलतभावाचं. आणि हे बँकेचं. हे टेबल तेवढं माझं, आणि तेही डुगडुगतंय!" त्यांनी टेबल हलवून दाखवलं. चहा हिंदकळला.

"आणि तळ्याकाठचं घर?"

"बघतोय म्हणालो. बघायला पैसे पडत नाहीत. आम्ही इथेच माडीवर राहतो."

"माझी पाठ गेलीय."

"माझे गुडघे."

"माझ्या बसचा हीटर चालत नाही."

"माझा चालतो, पण मी लावत नाही!"

यानपिंगला हसू फुटलं, न्यामवेयालाही. मोराला मात्र हसू येईना. डॉक्टर ओंबाती गरिबीतही हरायला तयार नाहीत, हे तिला दिसत होतं. आणि झालंही तसंच.

"म्हणजे भिकाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची मी?" वेंग म्हणाले.

"आणि आम्ही बुडीत हॉटेलवाल्याची करायची?" डॉक्टर उठले. खुर्ची मागे सरकली. तोच आवाज. "चला, मोगेनीची आई. न्यामवेया, बोकड सोड."

न्यामवेया हलला नाही. त्याने आईकडे पाहिलं. यानपिंगने खुंटीवरचा आपला कोट काढून हातात घेतला. ती दोघं आता याच दाराने बाहेर पडतील, आणि मग मोराला लोक मोगेनीची आई म्हणोत की न्यामवेयाची, दोन्ही जखमाच. बोलायला ती पुढे झुकली. पण दोर मांडणीलाच होता. रिवाजाने तिचं तोंड बांधलं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

काचेपलीकडे पिवळं जाकीट घातलेला धिप्पाड माणूस. छातीवर बिल्ला, हातात वायरलेस.

"आरोग्य खातं," वेंग म्हणाले.

डॉक्टरांचा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, कागदपत्रं आहेत ना ते चाचपायला. ते नागरिक होऊन जमाना लोटला होता. वेंग यांचाही हात तिथेच गेला होता. मोराला दोघांचे चेहरे एकदम दिसले. रक्त एकाच वेगाने उतरलं होतं. ग्रंथात एवढी पानं होती, पण हे कुठेच नव्हतं.

"ब्याऽऽऽ," बोळातून बोकड म्हणाला.

वेंग यांनी उडीच मारली. मांडणीवरून दोर ओरबाडला आणि बोकडाला ओढत माडीच्या जिन्याकडे निघाले. बोकडाने जन्मात जिना पाहिला नव्हता. दुसऱ्या पायरीवर त्याने चारी पाय रोवले.

"चल ना रे बाबा!" वेंग रडकुंडीला आले.

"असा नाही यायचा तो!" डॉक्टर धावले. त्यांनी बोकडाच्या ढुंगणाला खांदा लावला. वरून मुलीचा बाप ओढतोय, खालून मुलाचा काका ढकलतोय, मधे स्वेटरमधला बोकड. अशी ती वरात माडीवर गेली. वर दार उघडल्याचा आवाज आला आणि दार लागल्याचा. मोराने तो आवाज नीट मनात ठेवला.

सुचिनने जेवढा उशीर करता येईल तेवढा करून दार उघडलं. माणूस बूट झटकत आत आला.

"बंद आहे ना आज?" तो म्हणाला. "मग एवढी माणसं?"

वेंग धापा टाकत खाली आले, मागोमाग डॉक्टर. दोघांच्या अंगावर बोकडाचे केस. "घरचं कार्य आहे, साहेब," वेंग म्हणाले. "हे सगळे आमचे व्याही."

"ब्याऽऽ," माडीवरून आलं.

माणसाने वर पाहिलं. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि छप्पर उडेल अशा आवाजात प्रार्थनागीत सुरू केलं. न्यामवेयाने यानपिंगचा हात धरला, यानपिंगने सुचिनचा, सुचिनने मोराचा. वेंग यांना एकही शब्द येत नव्हता, तरी ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होते. मिनेसोटाचा माणूस शेवटी मिनेसोटाचा, भिडस्त. त्याने टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. डॉक्टरांनी सगळी कडवी म्हटली. प्रत्येक कडव्यानंतर वरून होकार येत होता.

गाणं संपलं. "वर कोण आहे?" माणसाने विचारलं.

वेंग डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टरांचा दम संपलेला. आणि तेव्हा मोराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोर हातात गेला. बोकड घरात गेला. म्हणजे आता आपल्याला बोलता येतं!

"वर माझा धाकटा दीर आहे," ती शांतपणे म्हणाली. "घसा धरलाय त्याचा. मी नर्स आहे, बघतेय."

"हवाच वाईट आहे," माणूस म्हणाला. "मी एवढंच सांगायला आलो, बाहेर निळी व्हॅन कुणाची? बर्फ काढायचं यंत्र येतंय. लगेच हलवा, नाहीतर उचलून नेतील."

सुचिनने त्याच्या हातात स्प्रिंगरोलची पुडी कोंबली. तो गेला. दार लागलं.

सुचिनने कडी लावली.

"बर्फवाला," वेंग म्हणाले. "नुसता बर्फवाला."

"मग चला," डॉक्टर म्हणाले, पण जरा चाचरत. "कुठवर आलो होतो आपण?"

"भावोजी," मोरा म्हणाली, "दोर कुणी धरला?"

डॉक्टरांनी वेंग यांच्या हाताकडे पाहिलं.

"मी लपवायला धरला!" वेंग ओरडले.

"कशाला धरायचा ते रिवाजात सांगितलंय का, भावोजी? तुम्ही जाणकार. तुम्ही सांगा."

डॉक्टर ओंबाती घामाघूम झाले. त्यांना खोटे आकडे सांगता यायचे, पण खोटा रिवाज सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "दोर हातात घेतला," ते कष्टाने म्हणाले. "उंबरठा ओलांडला. बोकड घरात. सोयरीक झाली."

"आणि तुम्ही मागून ढकलत होतात त्याचं काय?" वेंग म्हणाले. "त्याला काय म्हणतात तुमच्यात?"

"त्याला नाव नाही. आजवर कुठल्याच वरपक्षाने एवढी घाई केलेली नाही."

"मी नाही मानत."

"मग त्या माणसाला जाऊन सांगा," सुचिन पहिल्यांदाच बोलली. "सांगा की मी बिल्लेवाल्याशी खोटं बोललो, हे माझे व्याही नाहीत. आपला पत्ता त्याला माहीतच आहे."

वेंग मटकन खाली बसले. टेबल डुगडुगलं. यानपिंगने कोट परत खुंटीवर टांगला. ते बघून मोरा खुर्चीत टेकली.

"घर नको," वेंग जरा वेळाने म्हणाले. "गाई..."

"पुढच्या वेळी बोलू," डॉक्टर म्हणाले. "आडून."

एवढ्यात बाहेर साखळ्यांचा खणखणाट झाला. सगळे काचेशी धावले. निळी व्हॅन पुढची चाकं उचलून, मान वर करून, रस्त्याने चालली होती. आत डॉक्टरांची टोपी आणि गुसी मंडळींनी पाठवलेला सगळा आहेर.

"बघितलंत?" डॉक्टर कळवळले. "नेहमी केनियन माणसाचीच गाडी उचलतात!"

"हट्! गेल्या हिवाळ्यात माझी दोनदा उचलली. चिनी माणसाची गाडी दिसली की त्यांना चेवच येतो!"

"दोनदा म्हणजे काय! आमच्या चर्चबाहेर एकाच सकाळी..."

मोराने ताट पुढे ओढलं. डंपलिंग गार झाली होती, पण या वेळी घशात अडकली नाहीत. सुचिन तिच्याशेजारी येऊन बसली आणि काही न बोलता तिच्या ताटात आणखी वाढायला लागली. माडीवरून धप्प असा आवाज आला. बोकड बहुतेक पलंगावर चढला होता.

"न्यामवेया," मोरा म्हणाली, "वर जा. बोकडाचा फोटो काढ आणि मोगेनीला पाठव."

न्यामवेया थबकला. "काय लिहू?"

काचेशी दोन्ही व्याही एकमेकांच्या कोटाची बटणं धरून हमरीतुमरीवर आले होते. मोराने त्यांच्याकडे बघत डंपलिंग चावलं.

"लिही, या वेळी काकांनी मागून ढकललं."